किडीचा हिशेब मांडणारा माणूस



दुधाचा रतीब आपण भिंतीवर रेघा ओढून मोजतो. दुकानातली उधारी वहीत पै-पैने उतरवून ठेवतो. कापसाचे गाठोडे काट्यावर चढले, की काट्याकडे डोळे लावून उभे राहतो. पण रानात कीड पडली, की आपला हा हिशेबीपणा कुठे जातो कोण जाणे! बांधावर उभे राहून कोणी म्हणतो, "निम्मे पीक गेले." दुसरा म्हणतो, "निम्मे कसले, बारा आणे गेले." ही निम्मी आणि बारा आणे कोणी मोजलेली नसतात. आणि त्याच अंदाजावर मग औषधाचे डबे घरी येतात.

हा अंदाजाचा कारभार फक्त आपल्याच बांधावर चालतो असे नाही. मोठमोठ्या देशांच्या मोठमोठ्या संस्थांतही तो चालला. आणि अशा एका संस्थेत एक माणूस उभा राहून म्हणाला, "थांबा. किडीने खरोखर किती खाल्ले, ते आधी मोजू." एवढे म्हटल्याबद्दल त्याला नोकरी गमवावी लागली. सोव्हिएत रशियातल्या त्या कीटकशास्त्रज्ञाची ओळख आज करून घेऊ. नाव जरा अवघड आहे, पण दोनदा म्हटले की जिभेवर बसते: अलेक्सांद्र अलेक्सांद्रोविच ल्युबिश्चेव.

ल्युबिश्चेव यांचा जन्म १८९० सालचा, सेंट पीटर्सबर्ग शहरातला. घर खाऊनपिऊन सुखी होते. लहानपणापासून किड्यामुंग्यांचे वेड. १९११ साली तिथल्याच विद्यापीठातून ते पदवीधर झाले. पुढे पहिले महायुद्ध आले, १९१७ ची क्रांती आली, यादवी आली. त्या धामधुमीत ते क्रिमियातल्या विद्यापीठात शिकवू लागले. नंतर उरल पर्वताजवळच्या पेर्म शहरी आणि १९२७ पासून वोल्गा नदीकाठच्या समारा इथल्या शेतकी महाविद्यालयात. समाऱ्याचा मुलुख गव्हाचा. तिथे हा माणूस पुस्तकातल्या किड्यांवरून शेतातल्या किड्यांवर आला.

त्यांचे स्वतःचे आवडते किडे म्हणजे अगदी बारके भुंगेरे. तिळाएवढे, आणि बोट लावले की पिसवेसारखी उडी मारणारे. आपले द्राक्ष बागाईतदार ज्या उडद्या भुंगेऱ्याने हैराण होतात, तोही पानखाऊ भुंगेऱ्यांच्या याच मोठ्या घराण्यातला. या भुंगेऱ्यांच्या जाती एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या, की नुसत्या डोळ्यांनी ओळख पटत नाही. ल्युबिश्चेव यांनी आयुष्यभरात असे सुमारे तेरा हजार भुंगेरे गोळा करून, टाचण्या लावून, चिठ्ठ्या चिकटवून पेट्यांत ठेवले. कुठेही प्रवासाला गेले तरी किडे पकडायचे सामान बरोबर असायचेच.

१९३० साली ते लेनिनग्राद इथल्या अखिल सोव्हिएत पीक संरक्षण संस्थेत रुजू झाले. सेंट पीटर्सबर्गलाच त्या काळी लेनिनग्राद म्हणत. देशभरातल्या किडींची खबर घ्यायची आणि त्यांचा बंदोबस्त सुचवायचा, हे या संस्थेचे काम. गावोगावचे अहवाल तिथे येत. अमक्या जिल्ह्यात गव्हाचे वीस टक्के नुकसान, तमक्या जिल्ह्यात तीस टक्के. ल्युबिश्चेव यांनी हे आकडे पाहिले आणि त्यांना प्रश्न पडला, की हे टक्के काढले कसे? मग ते स्वतः जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरले, शेतात उतरले, ताटे उपटून पाहिली, कणसे मोजली.

त्यांना आढळले ते असे, की पुष्कळ ठिकाणी कीड लागलेली ताटे मोजून तोच आकडा नुकसानीचा म्हणून लिहिला जात होता. शंभरातल्या वीस ताटांना कीड, म्हणून वीस टक्के पीक बुडाले! वरवर पाहता बरोबर वाटते. पण हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे समजून घेण्यासारखे आहे.

समजा, शंभर ताटांपैकी वीस ताटांना कीड लागली. आता ही वीस ताटे काही मुळासकट नाहीशी झाली नाहीत. निरोगी ताटाला जेवढा दाणा येतो, त्याच्या पाऊणपट दाणा त्यांना आला, असे धरू. म्हणजे दर ताटामागे पाव हिस्सा गेला. वीस ताटांचा पाव हिस्सा म्हणजे पाच ताटांचा दाणा. तेव्हा नुकसान शंभरात पाच, वीस नव्हे. त्यातही शेजारच्या निरोगी ताटांना थोडे ऊन, थोडे पाणी, थोडे खत जास्त मिळते आणि ती जरा अधिक भरतात. तेवढी तूट आणखी भरून निघते. म्हणून ल्युबिश्चेव यांचा आग्रह असा, की दोन आकडे वेगवेगळे काढा. किती झाडांना कीड लागली हा एक, आणि लागलेल्या झाडाचे उत्पन्न किती घटले हा दुसरा. दोहोंचा गुणाकार केल्याशिवाय नुकसान म्हणून काही लिहू नका.

गव्हावरच्या दोन माश्या तिकडे फार बदनाम होत्या. एक हेसियन माशी आणि दुसरी स्वीडिश माशी. स्वीडिश माशीची अळी कोवळ्या रोपाच्या पोंग्यात शिरते आणि मधला कोंब वाळतो. शेतात असे वाळके कोंब दिसले की पोटात गोळा येतो. पण रोप कोवळे असेल, जमिनीत ओल असेल, तर ते बाजूने नवे फुटवे काढते आणि त्यांना कणसे येतात. आपल्या ज्वारीच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. खोडमाशीने पोंगेमर झाली, की ज्वारीचे ताट असेच बुडख्यातून फुटते. ते फुटवे मूळ ताटाइतके भरतात असे नाही, उशीर झाला तर बरेच वायाही जातात. पण पोंगा वाळला म्हणजे ताटाचा सगळा दाणा गेला, हेही खरे नाही. किती गेला, हे कापणीलाच वजन करून कळते.

आता कोणी म्हणेल, की मोजले की नुकसान नेहमी कमीच निघते, हा तर किडीचा वकील! तसे नाही. गव्हाच्या काडीत शिरणारी एक करवती माशी आहे. तिची अळी काडी पोखरत खाली उतरते आणि पीक पिकायच्या सुमारास बुंध्याशी काडी आतून कातरून ठेवते. वारा आला की काड्या आडव्या. या माशीचा एक गुण असा, की ती अंडी घालायला जाड, दमदार काड्या निवडते. म्हणजे जिला मोठे कणीस यायचे होते, नेमकी तीच काडी पोखरली जाते. शेतातल्या पोखरलेल्या आणि निरोगी काड्यांची कणसे नुसती शेजारी ठेवून तोलली, तर फरक थोडाच दिसेल आणि आपण म्हणू, की फारसे बिघडले नाही. प्रत्यक्षात बिघडलेले असते जास्त. तेव्हा नीट मोजले की आकडा कधी खाली येतो, कधी वर जातो. ल्युबिश्चेव यांना अमुकच आकडा हवा होता असे नाही. जो खरा असेल तो हवा होता. किडी निरुपद्रवी आहेत असे ते म्हणत नव्हते. नुकसान सगळीकडे आणि दरसाल सारखे नसते, म्हणून कुठे किती आहे ते पाहून खर्च करा, एवढेच त्यांचे सांगणे.

पण काळ वाईट होता. १९३७ साल म्हणजे स्टालिनच्या राजवटीतले सर्वांत भयंकर वर्ष. कोण केव्हा पकडला जाईल याचा नेम नव्हता. रशियन भाषेत पिकावरच्या उपद्रवी किडीला 'व्रेदीतेल' म्हणतात, आणि देशाचे काम मुद्दाम बिघडवणाऱ्या घातपाती माणसालाही 'व्रेदीतेल'च म्हणतात. अशा दिवसांत "किडीने तुम्ही म्हणता तेवढे खाल्लेले नाही" असे म्हणणे म्हणजे आगीशी खेळ. कारण मग पुढचा प्रश्न निघतो: किडीने खाल्ले नाही, तर पीक गेले कुठे? मशागत वाईट झाली, कापणीला उशीर झाला, धान्य उघड्यावर सडले, हे मग कोणाच्या पदरात घालायचे? किडीच्या नावावर सगळेच खपत होते.

संस्थेच्या विद्वत्सभेने ल्युबिश्चेव यांची मते चुकीची ठरवली. किडींचे नुकसान ते जाणूनबुजून कमी दाखवतात, असा ठपका ठेवला. त्यांची डॉक्टर ही पदवी काढून घ्यावी, अशी मागणी वर पाठवली. ती मागणी अखेरीस फळाला आली नाही आणि पदवी राहिली, पण संस्था सुटली. १९३८ साली ते कीव्हला गेले. तीन वर्षांत हिटलरची फौज चालून आली, तेव्हा कुटुंबासह पूर्वेला किर्गिझियात. फ्रुंझे या गावी, ज्याला आज बिश्केक म्हणतात, विज्ञान अकादमीच्या शाखेत त्यांनी काम केले. पुढे १९५० साली वोल्गाकाठच्या उल्यानोव्स्क या लहान शहरात शिक्षकांच्या महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि १९५५ साली निवृत्त झाले. इतकी ठिकाणे बदलली, पण आपला हिशेब त्यांनी बदलला नाही.

त्याहून मोठी कसोटी पुढेच होती. सोव्हिएत शेतीत त्या काळी लिसेंको नावाच्या माणसाचा शब्द म्हणजे कायदा होता. बियाण्याचा गुण आनुवंशिक असतो, पिढ्यान्‌पिढ्या तो ठरावीक नियमांनी उतरतो, हे शास्त्र त्याने खोटे ठरवले. वरिष्ठांचा आशीर्वाद असल्याने त्याला विरोध करणारे एकेक बाजूला झाले. जगभरातून पिकांची बियाणी गोळा करणारे थोर शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांना १९४० साली अटक झाली आणि १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. १९४८ साली तर आनुवंशशास्त्र शिकवणेच बंद पडले. हे सगळे डोळ्यांसमोर असताना ल्युबिश्चेव यांनी १९५३ पासून लिसेंकोच्या मक्तेदारीवर लिहायला घेतले. कुठे कोणता दावा केला, शेतात उत्पन्न काय आले, आकडा काय सांगतो, असे मुद्देसूद. प्रकरणामागून प्रकरण टंकलिखित करून ते मॉस्कोला वरिष्ठांकडे आणि शास्त्रज्ञांकडे पाठवत राहिले. छापणारे कोणी नव्हते. कागद हातोहात फिरत. १९६५ साली लिसेंकोची सद्दी संपली, तोवर हे लेखन चालू होते. शिवीगाळ नाही, आरडाओरड नाही. फक्त मोजमाप.

एवढे बळ या माणसात आले कुठून? त्याचे उत्तर त्यांच्या एका सवयीत आहे. १ जानेवारी १९१६ या दिवशी त्यांनी स्वतःच्या वेळेचा जमाखर्च लिहायला सुरुवात केली आणि मरेपर्यंत, म्हणजे ५६ वर्षे, तो एक दिवस चुकवला नाही. क्रांती झाली, युद्धे झाली, बदल्या झाल्या, घरात दुःखाचे प्रसंग आले, पण वही चालूच. आज किडे ओळखण्यात किती वेळ गेला, पत्र लिहिण्यात किती, सभेत किती, वर्तमानपत्रात किती मिनिटे. मधली उठबस वजा करून, निव्वळ वेळ. महिन्याअखेर बेरीज, वर्षाअखेर ताळेबंद. १९६६ साली ते ७६ वर्षांचे होते. त्या वर्षी मुख्य कामासाठी त्यांनी १९०० तास ठरवले होते. भरले १९०६. म्हणजे रोजचे सरासरी ५ तास १३ मिनिटे.

आकडा ऐकून काहींना तो लहान वाटेल. आपण तर उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत राबतो! पण हे निव्वळ तास आहेत, मधल्या तंबाखूचे, गप्पांचे, वाट पाहण्याचे नव्हेत. आणि ल्युबिश्चेव स्वतःला पिळून काढणारे नव्हते. ते दहा-दहा तास झोपत. थकले की काम तिथेच थांबवत. तातडीचे काम शक्यतो अंगावर घेत नसत. गाडीची वाट पाहताना, प्रवासात, रांगेत जो तुकड्या-तुकड्यांचा वेळ मिळतो, त्यात वाचन करत. इंग्रजी भाषा ते बहुतेक अशा चिंध्या-चिंध्यांच्या वेळातच शिकले. चिंध्या जोडून गोधडी होते, हे आपल्या आयाबहिणींना कोणी शिकवायला नको.

इथे घरातल्या बाईमाणसांसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. सरकार हमीभाव ठरवते तेव्हा बी, खत, मजुरी यांच्या खर्चात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोलही धरते. पण आपल्याच घरात तो आकडा कोणाला ठाऊक असतो? खुरपणी, वेचणी, जनावरांचे वैरणपाणी यात घरच्या बाईचे किती तास जातात? एखादा महिना वहीत उतरवून पाहा. जो खर्च लिहिला जात नाही, तो झालाच नाही असे सगळे धरून चालतात.

ल्युबिश्चेव यांच्या तरुणपणीचा मनसुबा फार मोठा होता. सगळ्या जीवजातींची एक नैसर्गिक मांडणी शोधून काढायची, जशी मेंडेलीव यांनी मूलद्रव्यांची केली. ते काम पुरे झाले नाही. आपण नव्वद वर्षे जगलो तरच हे होईल, असा त्यांचा हिशेब होता. ८२ व्या वर्षी, ३१ ऑगस्ट १९७२ रोजी वोल्गाकाठच्या टोल्यात्ती शहरी त्यांचे निधन झाले. मागे साडेबारा हजार टंकलिखित पाने राहिली, बरीचशी न छापलेली. १९७४ साली दानील ग्रानिन या रशियन लेखकाने त्यांच्यावर छोटे पुस्तक लिहिले, तेव्हा कुठे सामान्य वाचकाला हे नाव कळले.

त्यांचा एक शोधनिबंध मात्र आजही जगभर वापरात आहे. १९६२ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांनी एका इंग्रजी नियतकालिकात तो छापला. तीन जातींचे ७४ बारके भुंगेरे घेतले. पायाचे सांधे, डोक्याची रुंदी आणि नराचे इंद्रिय यांची सूक्ष्म मापे घेतली आणि दाखवून दिले, की एकेक माप जिथे फसवते तिथे सगळी मापे मिळून जात अचूक सांगतात. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना उदाहरण म्हणून ते ७४ भुंगेरे आजही दिले जातात.

आणि शेतातला त्यांचा आग्रह? तोही वाया गेला नाही. १९५९ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चार कीटकशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे हाच विचार नियमात बांधला. फवारणीचा खर्च आणि किडीचे नुकसान यांची तोंडमिळवणी होईल त्या टप्प्याच्या आत उपाय करा, त्याआधी नको. आपल्या कृषी विद्यापीठांच्या पत्रकांत 'आर्थिक नुकसानीची पातळी' म्हणून जे छापतात, ते हेच. कपाशीच्या पानामागे दोन-तीन तुडतुडे दिसले तर फवारा. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर गुलाबी बोंडअळीचा बंदोबस्त करा. एकरातून वीस हिरवी बोंडे तोडून फोडा. दोनांत अळी निघाली, म्हणजे शंभरी दहा, तर उपाय करा. हरभऱ्यात मीटरभर ओळीला एक-दोन घाटेअळ्या दिसल्या तर हात हलवा. या आकड्यांच्या खाली असेल, तर पैसा खिशात ठेवा आणि चार दिवसांनी पुन्हा मोजा. तोवर ढालकिडे आणि इतर मित्रकीटक फुकटात आपले काम करत असतात. अंदाजाने मारलेल्या औषधाने आधी तेच मरतात.

हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. २०१७ सालच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणीला भाग असेल तेव्हा हातमोजे, तोंडाला फडके, वाऱ्याची दिशा हे सगळे पाळलेच पाहिजे. पण जी फवारणी नकोच होती, ती टळली तर तिच्यासारखे संरक्षण दुसरे नाही. आणि ती नको होती की हवी होती, हे फक्त मोजल्याने कळते.

या आठवड्यात एक करा. शाळकरी पोराला वही-पेन्सिल देऊन बरोबर घ्या. रानात तिरपे चालत जा आणि जागोजागची मिळून वीस झाडे पाहा. किती झाडांना कीड, दर झाडाला किती, ते लिहून तारीख टाका. आठ दिवसांनी पुन्हा जा. दोन पाने शेजारी ठेवली, की कीड वाढते आहे की ओसरते आहे ते पोरगेच तुम्हाला सांगेल.